अमेरिकेचं टॅरिफ आणि आपला ब्रोमाइड: नागपुरात रोल-पेपरचं पुढे काय?

डार्करूमवाली (धरमपेठ)
१३ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, दरवर्षी दिवाळी झाली की मी घरच्या डार्करूममध्ये बारा मुलामुलींना रोल धुवायला आणि ब्रोमाइडवर, म्हणजे फोटो छापायच्या कागदावर, प्रिंट काढायला शिकवते. कॉलेजच्या पोराला स्वतःच्या खिशातून देता यावी एवढीच फी ठेवते. यंदा फी ठरवायला बसले आणि अडले. गेली सहा वर्षं ज्यांच्याकडून माल घेते त्यांना भाव विचारला, तर उत्तर आलं, "ताई, आजचा भाव आजपुरता. पेपरची पुढची खेप कधी येईल आणि कितीला पडेल, काही सांगता येत नाही. अमेरिकेचं टॅरिफ सुरू आहे ना."

दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय. अमेरिकेने २७ ऑगस्टपासून जे ५० टक्के लावलं ते भारतातून तिकडे जाणाऱ्या मालावर. माझा फोमापॅन रोल येतो चेक प्रजासत्ताकातल्या ह्रादेत्स क्रालोवेहून. इल्फर्डचा मल्टिग्रेड पेपर येतो इंग्लंडमधल्या मोबर्लीहून. दोघांच्या वाटेत अमेरिका लागतच नाही. मग माझ्या ट्रेमधला कागद महाग होतो तो कसा?

आणि दुसरं, आत्ताच वर्षभराचा साठा करून ठेवावा का?

मागच्या बॅचमध्ये एका मुलीने आजीचा फोटो आणला होता, स्वतः काढलेला. डेव्हलपरमध्ये चेहरा उमटायला लागला तशी ती म्हणाली, "ताई, थांबा, एवढ्यात लाइट लावू नका." मुलांना माणशी दोनच कागद द्यायची वेळ आली तर असं काही घडायचं नाही. पहिले चार-पाच कागद तर चाचणीतच जातात. म्हणून विचारतेय.

अजनीवाला
१३ सप्टेंबर, रात्री ११:०५

ताई, मी आयातीच्या कागदपत्रांचं काम करतो, अजनीच्या कंटेनर डेपोत रोजचं जाणं-येणं. तुमच्या रोलवर अमेरिकेचा एक पैसाही बसत नाही. बसतो तो सगळा आपल्याच सरकारचा कर. तो कसा चढत जातो ते दाखवतो.

फोटोग्राफीचा सगळा माल कस्टमच्या ३७व्या प्रकरणात येतो. रोल फिल्म ३७०२ मध्ये, पेपर ३७०३ मध्ये, रसायनं ३७०७ मध्ये. माल बंदरात १०० रुपयांना पोचला असं धरा. या शंभरात नुसती मालाची किंमत नसते, जहाज किंवा विमानाचं भाडं आणि विमाही असतो. मूळ शुल्क १० टक्के धरलं तर झाले १० रुपये. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे १ रुपया. आता या १११ वर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, १९ रुपये ९८ पैसे. शंभराचे १३०.९८ झाले, आणि विक्रेत्याचा नफा अजून यायचाच आहे. आयजीएसटी व्यापाऱ्याला पुढच्या करातून वजा करून मिळतो. तुम्हाला मिळत नाही, तुमच्यापाशी येऊन तो थांबतो.

आता रुपया पाहा. २०२० मध्ये डॉलर ७५ च्या आसपास होता, आज ८८ आहे. शुल्क टक्क्यात असल्यामुळे रुपया घसरला की दर न बदलताही ते वाढतं. तुमच्या विक्रेत्याला पुढची खेप कितीला पडेल हे सांगता येत नाही, त्याचं अर्धं कारण इथे आहे.

आणि कृपा करून एकेकटे रोल मागवू नका. रोल ६०० चा आणि कुरिअर १२०० चं असेल तर शुल्क धरण्याआधीच तो १८०० ला पडतो. शिवाय वैयक्तिक वापराचं पार्सल ९८०४ या वेगळ्या शीर्षकाखाली जातं, तिथला दर यंदा, २०२५ मध्ये, याहून चढा. तेच ४० रोल एकत्र मागवले आणि भाडं ४००० पडलं, तर रोलमागे ७०० धरून शुल्क २१७. मात्र असा माल मागवायला आयात-निर्यात कोड लागतो, तेव्हा ज्याच्याकडे तो आहे अशा व्यापाऱ्यामार्फतच मागवा.

मीनलेन्स
१४ सप्टेंबर, सकाळी ७:१५

१२०० चं कुरिअर आणि वरून ड्यूटी, हे मी भोगलंय. दोन रोल मागवले होते, पार्सल तीन आठवडे अडकलं. मे महिना होता. हातात आलं तेव्हा डबा चटका बसेल इतका गरम. रोल धुतल्यावर सगळ्या फ्रेमवर धुकं.

शिकागोतली नागपूरकर
१४ सप्टेंबर, सकाळी ८:३०

मूळची प्रतापनगरची, अकरा वर्षं इकडे आहे. अजनीवाले दादांचा हिशेब पटला, पण अमेरिकेचा संबंध अगदीच नाही असं मला वाटत नाही. इकडून कसं दिसतं ते सांगते.

एप्रिलआधी बाहेरून येणाऱ्या फिल्मवर इकडे ३.७ टक्के शुल्क होतं. आता ब्रिटनच्या मालावर १० टक्के आयातकर आहे, युरोपीय संघाच्या मालावर १५, जपानच्याही १५. म्हणजे माझ्या दुकानात इल्फर्ड चढला, फोमा त्याहून चढला, आणि रोचेस्टरला बनणाऱ्या कोडॅकवर काहीच नाही. इथला माणूस आपोआप कोडॅककडे वळतो. पण कोडॅकचा कारखाना एकच. गेल्या नोव्हेंबरमध्ये यंत्रं सुधारायला त्यांनी उत्पादन काही काळ थांबवलंही होतं. इकडची मागणी वाढली तर तिकडे पाठवायला किती उरेल, ही माझी काळजी आहे.

रंगीत रोलची गत तर आणखी अवघड. फुजीचा २०० आणि ४०० चा हिरवा डबा उलटा करून पाहा, त्यावर 'मेड इन यूएसए' छापलेलं असतं. म्हणजे फुजी घ्या नाहीतर कोडॅक, वाट अमेरिकेतूनच निघते. इल्फर्ड बनवणाऱ्या हार्मनने डिसेंबर २०२३ मध्ये फिनिक्स हा रंगीत रोल आणला, चीनच्या लकीने यंदा सी२०० पुन्हा बाजारात आणला. एवढ्यावरच थोडी आशा आहे.

शिवाय दर सारखे बदलत राहिले. चीनच्या मालावरचा कर एप्रिलमध्ये १४५ टक्क्यांपर्यंत गेला आणि मेमध्ये उतरला. असं चालू असताना कुठलाही आयातदार तारखेच्या आत माल आणून गोदाम भरतो. जगात फिल्मवर थर चढवणारे कारखाने बोटावर मोजण्याइतके. एका देशाने आगाऊ उचल केली की दुसऱ्याच्या खेपेला उशीर होतो. मला वाटतं, तुमच्या विक्रेत्याच्या "सांगता येत नाही"चं उरलेलं अर्धं कारण हे.

पेपरची मला रोलपेक्षा जास्त काळजी वाटते. कोडॅकने कृष्णधवल पेपर २००५ मध्येच बंद केला. आता इल्फर्ड, फोमा, आणि जर्मनीचं छोटं अॅडॉक्स. यातल्या एकाचं जरी बिघडलं तरी आपल्या हातात फारसं काही उरत नाही.

जुना स्टुडिओ (महाल)
१४ सप्टेंबर, दुपारी १२:२०

पोरीहो, सगळं वाचून राहिलो. माझा स्टुडिओ २००९ साली बंद केला, पण त्याआधीची पस्तीस वर्षं याच मालावर संसार चालला.

चांदीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. रोल असो का पेपर, त्यावरचा थर म्हणजे जिलेटिनमधली चांदी. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेत चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली, तेव्हा सगळ्या कंपन्यांनी भाव वाढवले. आम्ही पासपोर्ट फोटोचा कागद मापून कापू लागलो, काठाची पट्टीसुद्धा चाचणीसाठी राखून ठेवायचो. आज इतवारीच्या सराफ्यात चांदी किलोला सव्वा लाखाच्या पुढे आहे. टॅरिफ उद्या उठलं तरी हा भाव कागदात उतरणारच.

वापरलेला हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं द्रावण, आम्ही कधी मोरीत ओतला नाही. कॅनमध्ये साठवायचो, चांदी काढणारा घेऊन जायचा. ताई, तुम्हीही ओतू नका. त्यात पैसा आहे आणि पाण्यात ते जायलाही नको.

बर्डीकर
१४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५०

थोडं वेगळं मत मांडतो. शुल्क कमी करा असा सगळ्यांचा सूर दिसतोय. मी म्हणतो उलट करा. बाहेरच्या फिल्मवर भरपूर शुल्क लावा, म्हणजे इथे कोणीतरी कारखाना काढेल. आपल्याकडे उटीला होताच की. अमेरिका आज तेच करतेय.

जुना स्टुडिओ (महाल)
१४ सप्टेंबर, रात्री ८:१०

बर्डीकर भाऊ, उटीची गोष्ट मी जवळून पाहिली, म्हणून सांगतो. हिंदुस्तान फोटो फिल्म्स १९६० साली स्थापन झाली, फ्रेंच कंपनीच्या तंत्रावर. 'इंदू' नावाचा रोल, इंदूचा ब्रोमाइड, इंदूची एक्स-रे फिल्म. बाहेरचा माल परवान्यावर आणि जबर शुल्कावर, म्हणून आमच्यापुढे दोनच वाटा. एक इंदू, दुसरा पूर्व जर्मनीचा ऑरवो, कारण त्या देशाशी व्यवहार रुपयात व्हायचा. इंदूचा कागद चांगला होता. मी त्यावर हजारो लग्नं छापली. पण एका पाकिटाचा कॉन्ट्रास्ट दुसऱ्याला जुळेलच असं नसायचं, आणि तक्रार करून जाणार कुठे? दुसरा दुकानदार नव्हताच. नव्वदच्या दशकात दारं उघडली, बाहेरचा माल स्वस्त झाला, तिकडे पॉलिएस्टर एक्स-रे फिल्मच्या नव्या प्रकल्पासाठी काढलेल्या कर्जाचा बोजा, आणि कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली. पुढे कायमची बंद.

कारखाना भिंतीआड उभा राहतो हे खरं. पण भिंतीआड राहून तो सुधारत नाही, आणि भिंत पडली की त्याला उभं राहता येत नाही. मला आजही त्या कारखान्याचं वाईट वाटतं. ज्यांनी तो चालवला त्या लोकांना एमल्शन, म्हणजे तो चांदीचा थर, बनवता येत होतं. आज देशात ते कोणाला येतं?

शिकागोतली नागपूरकर
१४ सप्टेंबर, रात्री ९:३०

बर्डीकर दादांच्या बाजूचंही एक उदाहरण आहे, ते सांगायला हवं. १९९३ मध्ये कोडॅकने तक्रार केली की फुजी जपान आणि नेदरलँड्समधून रंगीत फोटो-पेपर पडत्या भावात अमेरिकेत ओततंय. पुढच्या वर्षी तडजोड झाली, आणि फुजीने साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनवूडला स्वतःचा पेपरचा कारखाना उभारला. म्हणजे शुल्काच्या धाकाने कारखाना आला. पण तेव्हा अमेरिकेत घरोघरी रोल धुवायला टाकत होते. तेवढा खप आज नागपुरात काय, सगळ्या भारतात नाही.

१९९५ मध्ये कोडॅक पुन्हा उभं राहिलं, आता थेट जपानच्या बाजारपेठेविरुद्ध. गंमत म्हणजे फिल्मवरचं जपानचं शुल्क तोवर शून्यावर आलं होतं. त्यांचं म्हणणं होतं की घाऊक वितरणाची साखळीच फुजीने बांधून टाकली आहे. प्रकरण जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेलं आणि १९९८ मध्ये अमेरिका हरली. तेव्हापासून मी शुल्काच्या आकड्याइतकंच, माल कोणाच्या गोदामातून कोणाच्या हातात जातो तिकडे पाहते. तुमचा एक विक्रेता गप्प बसला की तुमचं गाव कोरडं पडतं, हे त्याचंच छोटं रूप आहे.

बर्डीकर
१४ सप्टेंबर, रात्री १०:००

खपाचा मुद्दा मान्य. पण मग एवढ्याशा खपावर १० टक्के शुल्क ठेवून सरकारला तरी काय मिळतं? वाचवायला इथे कारखानाच नाही.

अजनीवाला
१४ सप्टेंबर, रात्री १०:२५

हाच मुद्दा अर्जात लिहायला हवा. ज्या मालाचं देशात उत्पादनच नाही त्यावरच्या शुल्कात सवलत मागता येते, अर्थसंकल्पाआधी सूचना मागवतात तेव्हा. शिवाय २४ जुलैला ब्रिटनबरोबर व्यापार करारावर सह्या झाल्यात. तो अमलात आला की ३७०२ आणि ३७०३ च्या ओळी यादीत पाहून ठेवतो. इल्फर्डवाल्यांसाठी ती ओळ महत्त्वाची.

रामटेकचा
१५ सप्टेंबर, सकाळी १०:१०

माझी उलटी अडचण आहे. मी गडमंदिराचे आणि खिंडसीचे हाताने काढलेले प्रिंट अमेरिकेतल्या दोन-तीन ग्राहकांना पाठवतो. २५ ऑगस्टपासून टपालखात्याने तिकडचं बुकिंगच थांबवलंय. पुढे ५० टक्के भरावे लागणार असतील तर धंदा संपला म्हणायचा.

शिकागोतली नागपूरकर
१५ सप्टेंबर, रात्री ८:४५

रामटेकदादा, घाबरू नका. अमेरिकेच्या ज्या आर्थिक आणीबाणी कायद्याखाली हे कर लावलेत, त्याच कायद्यात माहितीपर साहित्याला सूट आहे, आणि त्या यादीत पुस्तकं, चित्रं यांच्यासोबत फोटो असं स्पष्ट लिहिलंय. यंदाच्या आदेशांतही ती सूट कायम ठेवली आहे. पार्सलच्या घोषणापत्रात नुसतं 'गिफ्ट' किंवा 'पेपर' लिहू नका, 'छायाचित्र' असं नीट लिहा. टपाल थांबलं ते वेगळ्या कारणाने. ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलला असलेली माफी २९ ऑगस्टपासून गेली, आणि तो कर कोणी, कसा गोळा करायचा हे टपालखात्यांना नीट सांगितलं नव्हतं. घडी बसली की ते सुरू होईल.

मला हे वाचल्यापासून सारखं आठवतंय. कोरा ब्रोमाइड सीमेवर माल असतो. त्याच कागदावर खिंडसीचं पाणी उमटलं की कायदा त्याला माहिती म्हणतो.

पेंचवारी
१५ सप्टेंबर, रात्री ९:२०

साठ्याचं उत्तर राहिलंच. ताई, वर्षभराचा नको. नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, आणि रात्री वीज गेली की फ्रिजही कामाचा नाही. सहा महिन्यांचा घ्या. रोल हवाबंद डब्यात फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि वापरायच्या आधी दोन-तीन तास बाहेर काढून मगच पाकीट फोडा, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. माल उन्हाळ्यात मागवूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात खेप यावी असं बघा.

आणि ३६ फोटोंचे सुटे रोल कशाला? १०० फुटांचा, म्हणजे साडेतीस मीटरचा डबा घ्या. त्यातून साधारण १८ रोल भरता येतात. भरायला मुलांनाच बसवा, अंधारात हात चालायला शिकतात.

निळा कागद
१६ सप्टेंबर, दुपारी ४:००

रसायनं तर आयात करूच नका. रोल धुवायच्या डी-७६ डेव्हलपरचं सूत्र उघड आहे: लिटरमागे मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, हा क्रम चुकवू नका, नाहीतर मेटॉल विरघळत नाही. हातमोजे घाला. फिक्सर म्हणजे हायपोच. हे सगळं केमिकलच्या दुकानात मिळतं. पाणी २० अंशांवर आणायला आपल्याकडे बर्फ लागतो, तेवढाच काय तो खर्च.

मुलांचे पहिले दोन दिवस ब्रोमाइडशिवायही जाऊ शकतात. सायनोटाइप करा, म्हणजे उन्हात उमटणारे निळे प्रिंट. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलि पाण्यात, पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम १०० मिलि पाण्यात, दोन्ही समभाग मिसळून हातकागदावर ब्रशने लावायचं, अंधारात वाळवायचं, निगेटिव्ह ठेवून उन्हात. १८४२ साली हर्शेलने शोधलेली पद्धत. यात चांदी नाही, त्यामुळे सराफ्याचा भाव लागू नाही. आणि आपल्याकडचं ऊन लंडनवाल्यांना स्वप्नातही मिळत नाही.

मेडिकल चौक
१६ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

मोठा कॅमेरा असेल तर एक्स-रे फिल्म वापरून पाहा. वैद्यकीय म्हणून कर कमी, शीटचा भाव बराच कमी. हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असते, म्हणून गडद लाल दिव्यात कापता येते. दोन्ही बाजूंना थर असतो, तेव्हा ट्रेच्या तळाला काच ठेवा, नाहीतर ओरखडे येतात.

डार्करूमवाली (धरमपेठ)
१७ सप्टेंबर, रात्री १०:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते लिहिते. आयात कोड असलेल्या एका व्यापाऱ्याशी बोलले. नोव्हेंबरच्या खेपेत एकत्र मागणी: फोमापॅनचे १०० फुटी डबे तीन, पेपरची सहा पाकिटं. कोणाला जोडून घ्यायचं असेल तर महिनाअखेरपर्यंत कळवा. डी-७६ घरीच करणार. पहिले दोन दिवस सायनोटाइप. फी गेल्या वर्षीइतकीच ठेवतेय.

माणशी कागद मात्र वीसाच्या खाली जाऊ देणार नाही. बाकी कुठेही हात आखडेन.

जुना स्टुडिओ (महाल)
१८ सप्टेंबर, सकाळी ६:४५

ताई, माळ्यावर इंदूचं एक सीलबंद पाकीट निघालं. शंभर कागद. कधीचं आहे ते लेबलावरून वाचता येत नाही. तुम्हाला पाठवून देतो.

डार्करूमवाली (धरमपेठ)
५ ऑक्टोबर, रात्री ९:१५

काका, तुमचं पाकीट उघडलं. पहिला कागद डेव्हलपरमध्ये टाकला, दोन मिनिटांत सगळा राखाडी. दुसरा, तिसरा तसाच. इतक्या वर्षांच्या नागपुरी उन्हाळ्यांनी कागदाला धुकं धरलंय. त्यावर आता निगेटिव्ह छापता येणार नाही.

मग डेव्हलपर बाजूलाच ठेवला. गच्चीवर गेले, कागदावर अंगणातल्या संत्र्याची डहाळी ठेवली, वर काच, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तासभर सोडून दिलं. कागद आधी गुलाबी झाला, मग जांभळट, मग विटकरी. डहाळी उचलली तर खाली पानं फिकट पिवळी, शिरांसकट. हायपोत टाकल्यावर रंग उतरून तपकिरी झाला, पण पानांच्या शिरा तशाच राहिल्या. चांदी अजून आहे त्या कागदात, काका. धुकं धरलेला कागद या कामाला चालतो.

सहा कागद असे केले. चाचणीतले तीन धरून नऊ गेले, पाकिटात अजून ९१ आहेत. बॅचच्या पहिल्या दिवशी मुलांसमोर ते तुम्हीच उघडावं अशी इच्छा आहे. महालातून आणायला गाडी पाठवते.